लक्ष नाही, की लक्ष द्यावे असे काही नाही?

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि पहिल्या घटक चाचणीपर्यंत प्रत्येक वर्गाची वाटणी होऊन गेलेली असते. हुशार, बरा, ढ आणि वांड अशा चार रांगा शिक्षकाच्या मनात तयार होतात. त्या कोठे लिहून ठेवलेल्या नसतात. पण वर्षभर अंमल त्यांचाच चालतो. यांपैकी चौथ्या रांगेविषयी काही लिहावे असे बरेच दिवस मनात होते. या रांगेला अलीकडे शहरांतून एक नवे, शास्त्रीय वाटणारे नाव मिळाले आहे. ते नाव ज्यांना खरोखर लागू पडते अशी मुले आहेतच. परंतु त्यांच्याबरोबर ज्यांना ते मुळीच लागू पडत नाही अशीही काही मुले त्याखाली ढकलली जाण्याचा संभव आहे. आणि त्यांत वर्गातली सर्वांत तल्लख मुलेही असू शकतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी एक मावसबहीण पुण्याहून राजूरला आली. सोबत तिसरीत शिकणारा मुलगा आणि एक फाईल होती. फाईलमध्ये शाळेचे पत्र होते. मुलगा जागेवर बसत नाही, प्रश्न पुरा होण्याच्या आत उत्तर देतो, वही अपुरी ठेवतो, बाईंशी वाद घालतो. तरी त्याची 'एडीएचडी'साठी तपासणी करून घ्यावी, असे त्यात सुचविले होते. "दादा, तू शिकवतोस ना? तूच वाच आणि सांग," असे म्हणून तिने ती फाईल माझ्या हाती दिली. त्या चार दिवसांत त्या मुलाने राजूरच्या एसटी थांब्यावरचे वेळापत्रक वहीत उतरवून घेतले आणि अकोल्याहून निघालेली व इकडून सुटलेली गाडी वाटेत साधारण कोठे एकमेकींना भेटतील, याचे गणित मांडीत तो ओसरीवर दोन-दोन तास बसला. जेवायला उठवावे लागले. ज्या मुलाचे लक्ष लागत नाही असे पत्र होते, तो हाच मुलगा.

आता यावरून शाळा चुकली असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तो मी काढणार नाही, आणि का काढणार नाही हेच प्रथम सांगितले पाहिजे.

विकार खरा आहे

अवधानाचा विकार ही औषध कंपन्यांनी रचलेली कल्पना आहे, असे बोलण्याची सुशिक्षितांत एक पद्धत पडली आहे. ती चुकीची आहे. फ्रँकफर्टच्या हाइनरिख हॉफमान या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलाशी क्षणभरही स्वस्थ न बसणाऱ्या मुलाचे चित्र 1840 च्या दशकातच रंगवून ठेवले होते. 1902 साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांविषयी वैद्यकांपुढे व्याख्याने दिली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या नियमग्रंथात 1980 साली 'अवधानन्यूनता' हे नाव रूढ केले आणि 1987 साली त्याला अतिचंचलतेची जोड दिली. या विकाराने ग्रासलेल्या मुलाला अभ्यासच नव्हे, तर खेळ, मैत्री, रस्ता ओलांडणे या साध्या गोष्टीही जड जातात. योग्य निदान झाल्यास त्याला वर्तनोपचारांचा आणि औषधांचा उपयोग होतो. मिथाइलफेनिडेट हे त्यांपैकी एक प्रमुख औषध आपल्याकडे अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. तेव्हा हा लेख वाचून कोणी पालकाने आपल्या मुलाचे चालू औषध परस्पर बंद करू नये.

परंतु याच नियमग्रंथाच्या 2013 च्या आवृत्तीत निदानासाठी घातलेल्या अटी पाहण्यासारख्या आहेत. लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली असली पाहिजेत. ती किमान सहा महिने टिकली पाहिजेत. ती दोन किंवा अधिक ठिकाणी, म्हणजे शाळेत आणि घरीही, दिसली पाहिजेत. आणि त्यांमुळे मुलाच्या जगण्यात खरा अडथळा आला पाहिजे. यांतली 'दोन ठिकाणी' ही अट फार मोलाची आहे. जी चंचलता फक्त गणिताच्या तासाला दिसते आणि घरी किंवा मैदानावर दिसत नाही, तिचे कारण मुलात शोधण्याआधी त्या तासात शोधावे, असाच तिचा अर्थ होतो.

तथापि या विकाराची मुलेही आवडीच्या कामात तासन् तास रमतात. त्यामुळे माझा भाचा वेळापत्रकात रमला एवढ्याने तो निरोगी ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच मुलात एकत्रही असू शकतात. प्रखर बुद्धी विकाराला झाकते आणि विकार बुद्धीला झाकतो. अमेरिकेत जेम्स वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक पुस्तक लिहून प्रज्ञावान मुलांचे निदान वारंवार चुकते असे प्रतिपादन केले. त्यावर, याला ठोस पुरावा काय, असा प्रश्न इतर संशोधकांनी विचारला, आणि तो रास्त होता. म्हणून 'प्रत्येक वांड मूल हे दडलेले रत्न असते' असले भाबडे विधान करण्यात अर्थ नाही. आपण पाहावयाचे ते इतकेच की, निदानाच्या वाटेवर चूक कोठे शिरते.

मापदंड कोणाचा?

ती शिरते शिक्षकाच्या नजरेतून. हे मी दोष देण्यासाठी म्हणत नाही. मी स्वतः शिक्षक आहे. मुलाविषयीची पहिली शंका बहुधा वर्गातच निघते आणि वर्गात शिक्षक एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करीत असतो. ही तुलना किती फसवी असू शकते याचा पुरावा दोन मोठ्या अभ्यासांनी दिला आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासण्यात आल्या. तेथे शाळाप्रवेशाचे वय 31 डिसेंबर या तारखेवर मोजतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले की, डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलग्यांत या विकाराचे निदान जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा 30 टक्क्यांनी अधिक होते. मुलींमध्ये तर ते 70 टक्क्यांनी अधिक होते. अमेरिकेत 2018 साली चार लाखांवर मुलांचा असाच अभ्यास झाला. ज्या राज्यांत प्रवेशाची सीमारेषा 1 सप्टेंबर आहे, तेथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांत निदानाचे प्रमाण सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांहून 34 टक्क्यांनी जास्त निघाले. जेथे अशी सीमारेषा नाही, तेथे हा फरक दिसला नाही.

मेंदूचा विकार सरकारी तारखेप्रमाणे जडत नाही. वर्गातले सर्वांत लहान मूल सहजच अधिक चुळबुळ करते आणि त्याचे कोवळेपण विकाराच्या खात्यावर मांडले जाते. आमच्या पिढीत तर खेड्यापाड्यांतल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस 1 जूनला येत असे, कारण गुरुजी दाखला करताना सोयीची म्हणून ती तारीख टाकीत. वर्गातले सर्वांत लहान मूल कोणते, हेही त्या काळी कागदावरून समजत नसे. वयाच्या बाबतीत मापदंड असा फसत असेल, तर बुद्धीच्या बाबतीत तो फसणार नाही असे कसे म्हणता येईल? शिक्षक शिकवतो मधल्या मुलांसाठी. मागे पडलेले मूल चुळबुळ करते, कारण त्याला समजत नाही; पुढे गेलेले मूल चुळबुळ करते, कारण त्याला कधीच समजून चुकले आहे. बाकांच्या समोरून पाहणाऱ्याला दोन्ही चुळबुळी सारख्याच दिसतात.

आपल्या शाळांतून दर 1 ऑगस्टला लोकमान्यांच्या बालपणीच्या गोष्टी सांगितल्या जातात. टरफले उचलण्यास नकार देणारा, एकच शब्द तीन प्रकारे लिहून तिन्ही बरोबर असल्याचा आग्रह धरणारा, गणिते वहीत न मांडता तोंडी सोडवणारा विद्यार्थी आपण मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवतो. या आख्यायिकांत इतिहास किती हा प्रश्न वेगळा. परंतु भाषणे आटोपून वर्गात परतल्यावर एखाद्या मुलाने पायऱ्या न मांडता नुसते उत्तर लिहिले, तर त्याचे गुण कापले जातात आणि त्याने वाद घातला तर वहीवर शेरा येतो. आदर्श आपल्याला पुण्यतिथीपुरता परवडतो. वर्गात तो परवडत नाही.

दोन चुका आणि त्यांची किंमत

संख्याशास्त्रात दोन प्रकारच्या चुका सांगतात. जे नाही ते आहे म्हणणे ही पहिली. जे आहे ते न दिसणे ही दुसरी. पुण्या-मुंबईत पहिली चूक होण्याचा संभव अधिक, कारण तेथे समुपदेशक आहेत, तपासणी केंद्रे आहेत आणि त्यांचे शुल्क देऊ शकणारे पालक आहेत. शिवाय ही चूक डोळ्यांना दिसते. तिची फाईल तयार होते, आणि फाईल असली की दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेता येते.

दुसरी चूक आमच्याकडची. राजूर हे अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वाटेवरचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे आणि त्याच्या कक्षेत आश्रमशाळा आहेत. महादेव कोळी आणि ठाकर समाजांची मुले पहिलीपासून घर सोडून या शाळांत राहतात. येथे कोणाला 'एडीएचडी' हे नाव लागत नाही; येथे मूल 'वांड' असते, 'उनाड' असते, 'त्याचं डोकं शाळेत नाही' असे असते. या निदानाला सहा महिने लागत नाहीत आणि दोन ठिकाणेही लागत नाहीत. त्यावर दुसरे मत घेता येत नाही, कारण पहिले कोठे लिहिलेलेच नसते. सातवी-आठवीत मूल शाळा सोडते आणि ती नोंद गळतीच्या आकड्यात जाते. शहरातल्या चुकीच्या नावाखाली जितकी मुले येत असतील, त्याहून अधिक या बिननावाच्या चुकीत जात असावीत असे मला वाटते.

अर्थशास्त्रात एका गोष्टीची निवड केल्याने जी दुसरी हातची जाते, तिला पहिलीची खरी किंमत समजतात. ती कोणत्याही वहीत खर्ची पडत नाही, म्हणून ती नाहीच असे आपण धरून चालतो. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या शोधांचे हक्क मिळवणाऱ्यांची बालपणे तपासली. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतील मुले ही मध्यम उत्पन्नाखालच्या घरांतील मुलांपेक्षा दसपटीने अधिक प्रमाणात संशोधक होतात, असे त्यांना आढळले. तिसरीत गणितात सारखेच उत्तम गुण असलेल्या मुलांमध्येही गरीब घरचे मूल मागे राहत होते. बुद्धी होती, तिची नोंदही होती, तरी ती वाया गेली. मग जेथे नोंदच नाही, तेथे काय होत असेल?

दार उघडे आहे. पण ठोठावणार कोण?

महाराष्ट्राला या विषयाची परंपरा नाही असे नाही. बिने यांच्या बुद्धिमापन कसोटीची मराठी आणि कानडी मुलांसाठी पुनर्रचना डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात केली. मुलांसाठीची दुसरी प्रसिद्ध भारतीय कसोटी 1969 साली डॉ. मालिन यांनी नागपुरात सिद्ध केली. पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली आणि प्रज्ञावान विद्यार्थ्यांसाठी 1969 पासून प्रशाला चालविली. ग्रामीण भागातील हुशार मुलांसाठी शासनाने 1960 च्या दशकात निवासी विद्यानिकेतने काढली. 1986 च्या शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये आली. आपल्या जिल्ह्याचे पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वर येथे आहे. शिष्यवृत्ती परीक्षा तर घराघरांत ठाऊक आहे.

या सर्व संस्थांनी मोलाचे काम केले आहे. मात्र त्या सर्वांची रीत अशी की, मुलाने दारापर्यंत यावे. मुलाला दारापर्यंत आणतो कोण? परीक्षेचा अर्ज भरणारे गुरुजी किंवा पालक. म्हणजे मूल आधीच कोणाच्या तरी नजरेत हुशारांच्या रांगेत असावे लागते. वांडांच्या रांगेतल्या मुलाचा अर्ज कोण भरणार?

याचे उत्तर डेव्हिड कार्ड आणि लॉरा ज्युलियानो या अर्थशास्त्रज्ञांच्या 2016 सालच्या अभ्यासात सापडते. कार्ड यांना पुढे 2021 साली नोबेल पारितोषिक मिळाले. फ्लोरिडातील एका मोठ्या शालेय जिल्ह्यात प्रज्ञावान वर्गासाठी मुलांची शिफारस शिक्षक आणि पालक करीत. 2005 पासून तेथे दुसरीतल्या सर्वच मुलांना एक छोटी चाचणी देण्यास सुरुवात झाली. त्याबरोबर गरीब, कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक घरांतून निवडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या लक्षणीय वाढली. निवडीचा निकष खाली आणला नव्हता. ती मुले आधीपासून वर्गातच बसली होती. पुढे पैशांअभावी सर्वांची चाचणी बंद झाली आणि संख्या पुन्हा पूर्ववत घसरली.

आपल्याकडे सर्व मुलांपर्यंत पोचणारी एक व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 साली आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याची वैद्यकीय पथके शाळांना भेट देतात आणि तीस आजारांसाठी मुलांची तपासणी करतात. त्या यादीत दृष्टिदोष, बहिरेपणा, रक्तक्षय आहे, आणि अवधानन्यूनताही आहे. हे योग्यच आहे. मात्र ज्या मुलात काही अधिक आहे, त्याच्यासाठी शासनाच्या कोणत्याही तपासणीपत्रात एक ओळदेखील नाही. उणे मोजण्याची आपली व्यवस्था अपुरी का होईना, आहे. अधिक मोजण्याची नाहीच.

माझा शेरा

हे सर्व लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही सांगितले पाहिजे. आठ-नऊ वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात मी मागणीची लवचिकता शिकवीत होतो. आश्रमशाळेतून आलेला एक मुलगा नेहमी मागच्या बाकावर बसे. तो टिपणे घेत नसे, सारखा बाकाखाली पाय हलवी, खिडकीबाहेर पाही. त्या दिवशी तो मध्येच उठून म्हणाला, "सर, भाव पडला म्हणून लोक काय दुप्पट टमाटे खात नाहीत. अन् यंदा भाव गावला की पुढल्या साली सगळेच लावत्यात, मग परत पडतो. याचं काय?"

शेतमालाच्या भावातील या चढउताराला काल्डॉर यांनी 1934 साली कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली. तो भाग आमच्याकडे पुढच्या वर्गांत शिकवतात. या मुलाने तो पुस्तकात वाचला नव्हता, बांधावर पाहिला होता. "तो भाग पुढे आहे, खाली बस," असे मी म्हणालो. त्याने पुन्हा विचारले तेव्हा मी त्याला वर्गाबाहेर काढले. अंतर्गत मूल्यमापनाच्या कागदावर 'वर्गात लक्ष नसते' असा शेराही मारला. दुसऱ्या सत्रात तो आला नाही, आणि मीही चौकशी केली नाही.

गेल्या हिवाळ्यात तो अकोल्याच्या बाजारात भेटला. त्याची स्वतःची पिकअप गाडी आहे. संगमनेर, नाशिक आणि नारायणगावचे भाव फोनवर विचारून माल कोठे न्यायचा ते तो ठरवतो. त्याने आग्रहाने चहा पाजला. त्याचे बरे चालले आहे आणि माझ्याविषयी त्याच्या मनात काही अढी दिसली नाही. तो प्रज्ञावान होता, की त्याला खरोखर अवधानाचा विकार होता, की दोन्ही, हे आता सांगता येणार नाही. ते पाहण्याची वेळ आणि जागा माझ्याकडे होती. मी पाहिले नाही.

काय करता येईल?

शिक्षकाला करता येण्याजोगी पहिली गोष्ट बिनखर्चाची आहे. ज्या मुलाचे लक्ष नाही असे वाटते, त्याला काही आठवडे तेच काम पुन्हा पुन्हा देण्याऐवजी अधिक अवघड काम द्यावे. दहा गणितांपैकी शेवटची दोन त्याला आधी सोडवू द्यावीत. जमल्यास उरलेली आठ माफ करावीत. मूल स्थिरावले तर एक माहिती हाती आली. न स्थिरावले तरी दुसरी आली. दोन्ही डॉक्टरांच्या उपयोगी पडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे 'दोन ठिकाणी' हा नियम आपणही पाळावा. आश्रमशाळेत घर म्हणजे वसतिगृह. तेव्हा अधीक्षकांना विचारावे. आठवडे बाजाराला आईबाप मुलाला भेटायला येतात, त्यांच्याशी पाच मिनिटे बोलावे. गुरे राखताना मूल कसे वागते, सांगितलेले विसरते का, घरी बोली कोणती बोलते, हे विचारावे. प्रमाण मराठी अंगवळणी न पडलेले मूलही वर्गात लक्ष नसल्यासारखेच दिसते. त्याआधी डोळे, कान, रक्त आणि झोप यांची तपासणी झालेली असावी. गप्प बसणाऱ्या मुलींकडेही पाहावे. त्या त्रास देत नाहीत, म्हणून त्यांचा विकार आणि त्यांची बुद्धी दोन्ही नजरेतून सुटतात.

तिसरी गोष्ट शासनाची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विशेष बुद्धिमत्तेच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र उल्लेख केला आहे आणि बी.एड.मध्ये त्यांच्या शिक्षणाचा विशेष अभ्यास ठेवण्यास मुभा दिली आहे. ती कागदावर न ठेवता वापरावी. एखाद्या प्रकल्पाच्या आश्रमशाळांत तिसरीच्या सर्व मुलांना, अर्ज न मागवता, त्यांना कळेल अशा बोलीत एक छोटी चाचणी द्यावी. राजूर प्रकल्पापासून आरंभ केल्यास त्यात येथील अध्यापक आनंदाने हातभार लावतील.

माझ्या मावसबहिणीला मी डॉक्टरांकडे जाच असे सांगितले. मात्र बुद्धिमापनही करून घे आणि शाळेला दोन महिने अवघड गणिते देऊन पाहण्याची विनंती कर, असेही सुचविले. डॉक्टरांनी घाईने नाव न लावता सहा महिने निरीक्षण करण्यास सांगितले. त्याच्या बाईंनी मोठ्या मनाने त्याला पाचवीची गणिते दिली. आता त्याची वही पूर्ण असते. मध्येच बोलण्याची खोड मात्र अजून गेलेली नाही, आणि ती कशामुळे आहे हे सहा महिन्यांनंतरच कळेल.

लवकरच सहामाहीची प्रगतिपुस्तके भरली जातील. 'लक्ष नाही' हे दोन शब्द लिहिण्यास एक क्षण पुरतो. ते पुसण्यास कधीकधी जन्म पुरत नाही. तेव्हा माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एवढीच विनंती की, ते लिहिण्यापूर्वी त्या मुलाला दोन आठवडे द्यावेत.